गाडी कोण चालवत होतं?

कायद्यापुढे सगळे सारखे, असं ठाण्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. त्या ओळीखाली गादीची एकच खुर्ची होती आणि तिच्यावर जीवराम भाऊ बसले होते. त्यांचा ड्रायव्हर चंदन फरशीवर उकिडवा होता.

"भाऊ, उठा," फौजदार प्रज्ञा म्हणाली. "त्या बाकावर बसा."

भाऊ जिल्हा परिषदेचे सदस्य. या ठाण्यात त्यांना आजवर 'बसा' एवढंच ऐकायची सवय. ते उठले, झोकांडले. दारूचा भपकारा टेबल ओलांडून आला.

लग्नाची पंगत उरकून परतताना, उन्हं कलायच्या सुमारास, चोपड्याच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीने डोंगरसिंगला उडवलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा माणूस. बाजार करून सायकलवर घरी निघालेला. जागीच गेला. गाडी पुढे जाऊन डाव्या अंगाने बाभळीला चिकटली. केळीच्या ट्रकवरचे मजूर धावले, तेव्हा ड्रायव्हरच्या दारातून भाऊ उतरत होते आणि चंदन रस्त्याकडेला मोबाईल हातात धरून उभा होता. एकाने व्हिडिओ काढला. भाऊ ठाण्यात पोचायच्या आधी तो सगळ्या तालुक्यात पोचला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," चंदन म्हणाला.

ते इतक्या तत्परतेने आलं की प्रज्ञाला शिसारी आली. पारोळ्याला असताना तिने हेच 'मी' ऐकलं होतं. तिथल्या पुढाऱ्याचा पोरगा पुढे शिकायला पुण्याला गेला आणि त्यांचा म्हातारा ड्रायव्हर जेलात. इकडची रीतच ती. गाडी मालक ठोकतो, गुन्हा ड्रायव्हर करतो.

फाटकाशी गर्दी होती. डोंगरसिंगची बायको रेशमा पोरीला कडेवर घेऊन उभी होती. रडत नव्हती.

"दखजो," मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ सुटी जाई, डायवर अडकी."

"बाई, तो मोठा माणूस घरी जाईल ना आता?" रेशमाने विचारलं.

"नाही जाणार," प्रज्ञा म्हणाली. शब्द तोंडातून गेला होता, आता तो पाळणं भाग होतं.

ती आत आली. भाऊ जरा सावरले होते.

"मॅडम, दारू प्यालो, मान्य. पण गाडी चालवायला मला येतच नाही."

पुना हवालदार खोकल्याच्या आडून हसला.

"लायसन आहे तुमचं."

"ते एजंटने घरी आणून दिलं. फोटो दिला, लायसन आलं. बठ्ठासनं, सगळ्यांचंच, तसंच शे इकडे."

"आणि ते?"

प्रज्ञाने खिडकीकडे बोट केलं. समोरच्या चौकात भाऊंचा फ्लेक्स होता. निवडणुकीचा अर्ज भरायला निघालेले भाऊ, ट्रॅक्टरवर, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा जनतेकडे. खाली ठळक अक्षरं: मातीतला माणूस. फ्लेक्स चौकटीपेक्षा लांब निघाला होता, म्हणून एका बाजूने मागे दुमडून बांधलेला. ट्रॅक्टरचं पुढचं चाक अर्धंच दिसत होतं.

भाऊंनी तोंड उघडलं. दारात चार-पाच मोबाईल त्यांच्याकडे रोखलेले होते. भाऊंनी तोंड मिटलं.

"न्या त्यांना, रक्त काढायला," प्रज्ञा म्हणाली.

मग तिने चंदनला खुर्चीवर बसवलं. त्याच गादीच्या. चहा मागवला.

"माणूस मेलाय, चंदन. आत जाशील. तुझ्या मुलीची फी आम्ही भरू, असं सांगितलंय ना त्यांनी?"

"नाही मॅडम. मीच चालाडत व्हतू. खरं शे."

"घाबरू नकोस. पूर्वीचं पूर्वी. या वेळी मी आहे."

"देवानी आण, मॅडम."

"देवाला कशाला मध्ये घेतोस? तो काय भाऊंचा मतदार आहे?"

तिने रेशमाला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर उभं केलं. कडेवरची पोर चंदनच्या चहाकडे बघत राहिली. चंदनने कप बशीसकट तिच्यापुढे सरकवला.

"मॅडम," तो म्हणाला, "खरं सांगितलं, तर मी घरी जाईन?"

"आजच."

तो हुंदके देऊन रडला. प्रज्ञाने त्याला रडू दिलं. इतकी वर्षं वाकलेला कणा सरळ व्हायचा, तर दुखणारच.

"भाऊ चालवत होते," तो म्हणाला.

फाटकाशी फटाके फुटले. चंदनला लोकांनी खांद्यावर घेतलं, हारही कुठून तरी आला. रेशमा प्रज्ञाच्या पाया पडली. भाऊंच्या रक्तात दारू निघाली, चंदनच्या निघाली नाही. भाऊ जेलात गेले. भाऊ आपले कधीच नव्हते, असं पक्षाने कळवलं. जळगावपासून धुळ्यापर्यंत लोक म्हणाले, न्याय अजून शिल्लक आहे.

आठवड्याने पक्षाने फ्लेक्स उतरवायला माणसं पाठवली. प्रज्ञा चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होती. माणसांनी एका बाजूचे दोर कापले, तसा मागे दुमडलेला भाग सुटून फडफडत पुढे आला.

भाऊंच्या ट्रॅक्टरपुढे आणखी एक ट्रॅक्टर होता. त्याच्या स्टिअरिंगवर चंदन होता. दोन्ही ट्रॅक्टरांच्या मध्ये ओढायचा दोर बांधलेला होता.