मालसुन आजींचा आ

वारा फिरला की समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायकांना परत बोलवायची हाक मालसुन आजींची. कोरियातल्या जेजू बेटाच्या त्या किनाऱ्यावर अजून बुड्या मारणाऱ्यांत सगळ्यात जुन्या त्याच. पण यंदा त्यांची हाक पहिल्या खडकापर्यंतही पोचेना, तेव्हा सून त्यांना शहरात आवाजाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

"वयानं स्वरयंत्राचे पडदे सैल होतात, आजी," तरुण डॉक्टर दानबी म्हणाली. "त्यात म्हातारपणी दमही पुरत नाही. आता समुद्र विसरा."

"अगं, आधी तपासशील तर!" आजी कुजबुजल्यासारख्या म्हणाल्या.

"बरं. मोठा श्वास घ्या आणि जमेल तितका वेळ आ म्हणा."

आजींनी आ लावला. बारीक, चिरका, पण सरळ. दानबीनं घड्याळाकडे बघितलं, मग आजींकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. सुनेनं पिशवीतून संत्रं काढून सोलायला घेतलं. ते सोलून झालं तरी आ चालूच.

"बास, आजी! श्वास घ्या!" दानबी घाबरून उठलीच.

सुनेनं तिच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

"बसा हो डॉक्टर. आई अजून तळालासुद्धा पोचल्या नाहीत."