घोडीवरची साक्ष

थलूसाने सगळं एका दमात सांगून टाकलं. अळंबी म्हाताऱ्या मालकांनीच रानातून खुडून आणली. 'ही खाऊ नका,' असं तिने त्यांना चुलीपाशी दोनदा बजावलं. त्यांनी हसून ताटली पुढ्यात ओढली आणि त्याच रात्री गेले. धाकटे मालक तर त्या दिवशी घरात नव्हतेच. पुतण्याने काकाला विष घातलं, हे साफ खोटं.

कारकुनाने मेणाच्या पाटीवर एक अक्षरही उमटवलं नाही.

"लिहा ना!"

"घाई काय आहे, बये? अजून तुला घोडीवर कुठे चढवलंय?" त्याने जांभई दिली.

भिंतीशी लाकडी घोडी होती. तिच्यावर हातपाय बांधायचे, चाक फिरवायचं, सांधे ताणायचे. गुलामाचा शब्द यातनेशिवाय धरायचा नाही, असा रोमचा कायदा. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी बसून केलेला, बरं का!

विबियाबाई पुढे झाल्या. थलूसा त्यांची गुलाम स्वयंपाकीण आणि आळ त्यांच्या मुलावर, त्याच धाकट्या मालकांवर. "अगं, तू खरंच बोलतेयस, मला ठाऊक आहे. पण न्यायाधीश ऐकत नाहीत ना. थोडंसंच करतील. मी सांगून ठेवलंय."

"बाईसाहेब, काल तुम्हीही साक्ष दिलीत. तुम्हाला कुणी टांगलं होतं?"

"जीभ आवर! माझी बरोबरी करतेस?"

थलूसाने आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांनी त्या पोराला घास भरवले होते. म्हणून तर ती आपण होऊन सांगायला आली होती. आणि हे त्याचं बक्षीस!

तिला बांधलं. चाक दोनदा फिरलं. खांद्यात काहीतरी कटकन मोडलं. तिची किंकाळी बाहेर रस्त्यावर गेली, तिथे कुणी मान वळवली नाही. कारकून मात्र सरसावून बसला.

"हं. बोल आता."

"आता..." तिला धाप लागली होती. "आता मी बोलेन ते खरं?"

"अगदी खरं. कायद्याने."

थलूसाने मान वळवून विबियाबाईंकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"थलूसा, मघाशी सांगितलंस तेच सांग हं. तेच. शहाणी ना तू? अगं, बोल ना!"

कारकुनाची लेखणी मेणावर टेकली होती. थलूसाने ओठ ओले केले आणि तोंड उघडलं.