बटणावरची टेप

खंडेनवमीला चाकणच्या त्या छोट्या कारखान्यात पत्र्याला दाबून आकार देणारे सगळे प्रेस धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून उभे होते. वर्षातून एकदाच मशीन गप्प असतात आणि माणसांचे आवाज ऐकू येतात. घरच्यांनाही बोलावणं असतं. मुबीन मात्र आपल्या प्रेसपाशी उभा राहून डबा आणि कामाचे कपडे पिशवीत भरत होता.

"दसरा झाला की दुसरीकडं काम बघ," असं सुपरवायझर ज्योतीरामने काल त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. गुन्हा काय, तर शेजारच्या प्रेसवरच्या नागसेनचा हात मशीनच्या आत दिसला आणि मुबीनने झेप घेऊन त्या प्रेसचं बंद करायचं लाल बटण दाबलं. प्रेस अर्ध्यावरच अडकला. दिवसभराच्या कामाची बोंब झाली. आणि नागसेन म्हणाला, "माझा हात बाहेरच होता, साहेब."

तो तसं म्हणणारच. प्रेस चालवायला दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. पण माल भराभर निघावा म्हणून इथे सगळेच एक बटण टेप लावून दाबून ठेवायचे आणि मोकळा हात आत घालायचे. खरं बोलला असता तर नोकरी नागसेनची गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी! मुबीनला नोकरी जाण्याचं दुःख होतंच, पण रोज एका डब्यात जेवणाऱ्या नागसेनने नजर चुकवली, ते जास्त लागलं होतं.

आरती झाली, पेढे वाटायला सुरुवात झाली. तेवढ्यात नागसेनची आई सोजरबाई लेकाचा हात धरून आत आली.

"ह्यात मुबीन कोण हाय?" तिने मोठ्याने विचारलं.

"आई, नंतर," नागसेन पुटपुटला.

"नंतर कशाला?"

"मी मुबीन, मावशी." तो पुढे झाला.

सोजरबाईने लेकाचा उजवा हात उचलला आणि मुबीनच्या हातात ठेवला. "रातभर ह्यो हात मांडीवर घिऊन बसले रं मी. एकेक बोट चाचपत हुते. ह्याच्या बापाचा हात असाच मशीनमधी गेला, तवा शेजारी तुज्यावानी कुणी न्हवतं. तू बटण दाबलंस म्हणून माजं पोर आज दोन हातांनी जेवतंय. लय उपकार झाले, लेकरा."

ज्योतीरामच्या हातातला पेढा हातातच राहिला. बिचारीला काय ठाऊक, लेक घरी खरं बोलला आणि इथे खोटं.

मुबीनचा कालपासून साचलेला राग कुठे गेला, ते त्याचं त्यालाच कळेना. कोणी काही विचारायच्या आत तोच घाईने म्हणाला, "मावशी, आधी पेढा घ्या."

नागसेनने त्याच्याकडे पाहिलं. मग तो आपल्या मशीनपाशी गेला, हार बाजूला सारला आणि बटणावरची टेप नखाने सोलून काढली.

"हात आत होता, साहेब. मुबीनला ठेवा. काढायचं तर मला काढा."

मागच्या एका प्रेसवर टेप सोलल्याचा चर्र असा आवाज झाला. मग त्याच्या पलीकडून आणखी एक.

मुबीनने पिशवी खाली ठेवली आणि तो आपल्या मशीनकडे वळला. त्याच्याही बटणावर टेप होती, वर सकाळचं हळदकुंकू लावलेली.