अलीकडचा काठ

"जरा डावीकडे या, बाबा. तुमच्या डोक्यातून मनोरा उगवलाय," जयदीप कॅमेऱ्याआडून म्हणाला.

शशिकांतराव डावीकडे सरकले. त्यांच्या पाठीमागे नदी होती आणि नदीपलीकडे अख्खं डेट्रॉइट, काचेच्या मनोऱ्यांसकट. ते स्वतः अलीकडच्या काठावर, कॅनडातल्या विंडसर गावात उभे होते. पण फोटोत हे कळणार नव्हतं. ते कळू नये म्हणूनच तर लेक-जावई त्यांना लंडनहून, म्हणजे कॅनडातल्याच लंडनहून, दोन तास गाडी हाकत इथे घेऊन आले होते.

पुण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर ऑटोमोबाइल शिकवलेला हा माणूस. मोटारीचं माहेर बघून येतो, असं त्यांनी निघण्यापूर्वी रिटायर्ड मंडळींच्या कट्ट्यावर जाहीर करून टाकलं होतं. मग व्हिसाच्या खिडकीमागच्या गोऱ्याने विचारलं, अमेरिकेत काय बघणार? शशिकांतरावांनी खरं ते सांगितलं: डेट्रॉइट. साल २००९. डेट्रॉइटचेच लोक डेट्रॉइट सोडून चाललेले. तिथे कुणी हौसेने निघालंय, यावर त्याचा विश्वास बसला नाही. नायगारा म्हणाले असते तर शिक्का मिळाला असता, असं ऊर्मीचं मत होतं, आणि हायवेवर टिम हॉर्टन्सच्या प्रत्येक कॉफीच्या दुकानापाशी तिने ते नव्याने मांडलं होतं.

शनिवारी परतीचं विमान होतं. कट्ट्यावरच्या नंदन सरांना दाखवायला एक फोटो हवा होता. नंदन सर दोनदा अमेरिकेला जाऊन आले होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

"एक मिनिट थांबा, जयदीपराव," शशिकांतराव म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून पुन्हा पलीकडे बघू लागले.

शहर जागच्या जागी होतं. इतकी वर्षं फळ्यावर खडूने काढलेलं, आणि आता खरोखरचं, एप्रिलच्या उन्हात चकाकणारं, एका पाण्याच्या पट्ट्यापलीकडे. त्यांचा हात आपोआप वर गेला.

"सतराशे एक साली फ्रेंचांनी तिथेच लाकडी किल्ला बांधला, ऊर्मी. मग या लोकांनी शेगड्या बनवल्या. मग घोडागाड्या. मग जे काही बनवलं, त्यात बसून आज सगळी दुनिया हिंडतेय. आणि त्या मनोऱ्यांच्या मागे एक रस्ता आहे, त्याच्यावर..."

"पहिला सिमेंटचा मैल," ऊर्मी म्हणाली. "बाबा, पार्किंग चारपर्यंतच आहे."

"तिथे आत गेलो असतो तर एवढं दिसलंच नसतं गं," शशिकांतराव म्हणाले. हे सांत्वन नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शेजारच्या बाकावर सत्तरीची एक कृष्णवर्णीय बाई कॉफी पीत बसली होती. "तुम्ही शिक्षक होतात ना?" तिने इंग्रजीत विचारलं. "दुसरं कुणी इतका वेळ हात वर धरून ठेवत नाही. मीही शिकवायचे."

शशिकांतराव खुलले. "मुलीला त्या शहराचा इतिहास सांगत होतो. अगदी किल्ल्यापासून."

"मग त्यात माझी पणजी सांगायची राहिली की."

"तिथे होत्या त्या?"

"एकच दिवस. एका धान्याच्या कोठारात, गवताखाली. गुलामगिरीतून पळून, केंटकीहून पायी आली होती. अंधार पडल्यावर कुणीतरी तिला होडीत घातलं." बाईने कॉफीचा कप बाकावर ठेवला. "त्या काठावर ती कुणाच्या तरी मालकीची होती. या काठावर नव्हती. मध्ये एवढंच पाणी."

शशिकांतरावांनी पाण्याकडे पाहिलं. एक मालवाहू जहाज सावकाश चाललं होतं. या नदीची रुंदी त्यांना ठाऊक होती, तिच्याखालून जाणाऱ्या बोगद्याचं साल ठाऊक होतं. पण त्यांनी हात खाली घेतला. हे ऊर्मीच्या लक्षात आलं, कारण असं सहसा होत नसे.

"तुमच्या कॅमेऱ्याला झूम आहे का?" बाईने जयदीपला विचारलं. "त्यांना पलीकडे खाली, पाण्यालगत बघायला सांगा. मनोऱ्यांकडे नको."

जयदीपने झूम करून कॅमेरा सासऱ्यांच्या हातात दिला. पडदाभर काच हलली, मग काँक्रीट, आणि मग काठावर दाटीने उभी असलेली ब्राँझची माणसं. बायका, मुलं, गाठोडी. सगळ्यांची पाठ डेट्रॉइटकडे. त्यांच्यातला एक जण हात लांब करून बोट दाखवत होता.

"तो काय दाखवतोय?" शशिकांतरावांनी विचारलं.

"हे," बाई म्हणाली. "तुम्ही उभे आहात ते."

शशिकांतरावांनी कॅमेरा खाली घेतला. पुढे फरसबंदी होती. तिच्यावर हिवाळाभर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग, एक चुरगळलेली पावती, आणि नदीवरून आलेला ओलावा. विंडसरच्या नगरपालिकेने यापलीकडे तिथे काही केलेलं नव्हतं.

त्यांनी कॅमेरा जावयाकडे दिला आणि कठड्याला धरून खाली वाकले.

"कंबर धरली का, बाबा?" ऊर्मी पुढे आली. मग तिला दिसलं. "अहो, काय करताय? फरशी बर्फासारखी गार आहे."

त्यांनी एक बूट काढून कडेला ठेवला.

"बाबा, फोटो कमरेपर्यंतच येतोय," जयदीप म्हणाला.

"येऊ द्या," शशिकांतराव म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागले.