दुसरी खुर्ची

"बाजू कुणाचीही घ्या बाई, पण पोरींना एका बाकावर बसवा," कौसाबाई म्हणाली आणि इतिहास शिकवणाऱ्या संजीवनी मॅडमपुढे तिने पाणी अन् भाजलेला पापड ठेवला. तिच्या घरी येईल त्याला आधी पापड. चहाचं मागून.

मॅडमनी पापड मोडला. "बाजू घ्यायचीच नाही, आजी. तेच तर शिकवतेय. पण मुलांना घाई. चोर कोण, ते आधी सांगा म्हणतात."

झालं होतं असं. नववीच्या वर्गात उल्हासनगर कसं वसलं ते चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी लष्करी छावणीसाठी घेतल्या. फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आणून बसवले. कौसाबाईची नात भावना बोलून गेली, "आमच्या शेतावर घरं बांधली तुम्ही." तिची सिंधी मैत्रीण माया उसळली, "शौक से आए थे क्या हम?"

पाचवीपासून एका डब्यात जेवणाऱ्या पोरी. दोघींनी बाकं बदलली, मागोमाग सगळा वर्ग फाटला. हेडमास्तरांनी बजावलं, आणखी एक भांडण झालं तर हे सगळं बंद, पुस्तकातलं तेवढं वाचा.

म्हणून मॅडमनी वर्गात दोन खुर्च्या मांडायचं ठरवलं. एकीवर कौसाबाई, दुसरीवर मायाची आजी मोतीबाई.

"येते," कौसाबाई म्हणाली. "पण मला मधे टोकायचं नाही. मी काय रेडिओ नाही, कान पिळला की बंद."

शुक्रवारी ती कडक इस्त्रीचं लुगडं नेसून हजर. मोतीबाईचा गुडघा सुजला होता, ती आलीच नाही. दुसरी खुर्ची रिकामी. माया मान खाली घालून बसली.

"आमच्या आजी मुरबाडकडच्या," भावनाने ओळख करून दिली. कौसाबाईच्या लग्नात सासऱ्यांनी गावाला तसं सांगितलं होतं, गाव तेच सांगत आलं होतं.

कौसाबाईने घसा खाकरला. "नऊ एकर भाताची जमीन. सासऱ्यांच्या हातात कागद दिला. वाचता येत नव्हतं, अंगठा घेतला. त्या दिवसापासून छावणीकडे तोंड करून माणूस जेवला नाही. तिकडे पाऊल टाकलं ते एकदाच. पंचवीस वर्षांनी, हात जोडायला."

"कुणापुढे?" भावनाने विचारलं. हे तिलाही नवीन होतं.

"दम धर."

"त्यांना राग यायचा, आजी?" मागून कुणीतरी विचारलं.

"जमीन गेल्यावर काय हसू येणार? यायचा की."

भावनाच्या बाजूने टाळ्या पडल्या. कौसाबाईने डोळे वटारले. "टाळ्या कसल्या पिटता? तमाशाला आलाय का? रात्री ते पडवीत बसायचे अन् बराकीतलं रडणं ऐकायचे. म्हणायचे, ह्यांना शिव्या तरी कशा द्यायच्या? एका बराकीत कितीतरी घरं, मधे गोणपाटाचे पडदे. पडद्यापलीकडचं माणूस खोकलं की अलीकडचं पोर उठायचं."

टाळ्या थांबल्या. माया उभी राहिली. "पर हमारी तरफ से कौन बोलेगा? खुर्ची तो खाली है."

हेडमास्तर दारात येऊन उभे होते. संजीवनी मॅडमनी खडू घट्ट धरला.

कौसाबाई उठली. चालली वाटतं, असं पोरांना वाटलं. ती दोन पावलं चालली, पदर सारखा केला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली.

"वही काढ," ती मायाला म्हणाली.

मायाला पेन सापडेना. भावनाने आपलं पेन पुढे केलं, आणि ते देता देता तिच्याच बाकावर टेकली.

"लिही. माझं माहेरचं नाव मोहिनी टहलराम, जन्म बराक नंबर सहाशे चौदा. आणि खाली लिही, सासरे हात जोडायला आले ते माझ्या बापापुढे, मला मागायला."