बेडईचा पुडा

छप्पन साली राजधानी भोपाळला जाणार म्हणून ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांत बदल्या ठरत होत्या. तरी रविवारी वनमाला, सरोजिनी, कुमुदिनी या एकाच कचेरीतल्या मैत्रिणी सुलतानगढच्या धबधब्यावर गेल्याच. पायपिटीनं भूक लागल्यावर सरोजिनीनं इंदरगंजातल्या बेडईचा, डाळ भरलेल्या खमंग पुऱ्यांचा, पुडा सोडला. "खा गं वनमाला, भोपाळला अशी कुठं मिळणार?" वनमालाचा घास हातातच राहिला. बदलीचा हुकूम साहेबांनी कालच तिला एकटीला बोलावून दिला होता. तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं?" सरोजिनी चपापली, मग उसळली, "किसी को तो जाना था! आम्हाला संसार आहेत." "मला आंधळी आई आहे." कुमुदिनी पुटपुटली, "तुला पाठवा असा अर्ज हिनं लिहिला. मी फक्त सही केली." "आई रोज देवापुढं तुमचीही नावं घेते. आजपासून बंद!" म्हणत वनमाला एकटीच सडकेकडे चालू लागली.