धाकटीची जखम

धाकटीने दंडावरची पट्टी काढली आणि तिचा चेहरा पडला. जखम भरली होती. नुसती भरली नव्हती, वर गुलाबी कातडीसुद्धा धरली होती.

तिला ती उघडी हवी होती. दवाखान्यात धडधाकट म्हाताऱ्यांवर चाललेल्या अभ्यासात तिने नाव दिलं होतं ते त्याचसाठी. दंडावर मिरीएवढी जखम करायची, दर आठवड्याला फोटो काढायचा, थुंकी तपासायची. "ज्यांच्या जिवाला सतत घोर असतो, त्यांची जखम रेंगाळते," असं डॉक्टरीणबाईंनी नाव लिहून घेण्याआधीच सांगितलं होतं. धाकटीने मनात म्हटलं, चला, आता तरी जगाला दिसेल.

जग म्हणजे मुख्यतः नवरा. मोठ्या जावेने आपलं रक्त आटवलं, हे त्याला कधी पटलंच नव्हतं. थोरलीचा तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो दिवे मालवेपर्यंत. भाजी कशी चिरली, नळ कुणी टपकत ठेवला, हिच्या माहेरच्यांनी हिला काय शिकवलं. धाकटी कधी उलटून बोलली नाही. सगळी गल्ली तिला गरीब गाय म्हणायची.

थोरलीनेही मग हट्टाने नाव दिलं. "हिचा दंड काय सोन्याचा लागून गेलाय?"

शेवटच्या तपासणीला दोघी एकाच बाकावर बसल्या, मध्ये पिशव्या ठेवून. थोरलीची जखम अजून ओली होती. तिला आत बोलावणं आलं.

"हीपण येऊ दे," थोरली म्हणाली. "मागाहून गल्लीभर काहीबाही सांगत फिरण्यापेक्षा समोरच ऐकलेलं बरं."

"साखर नाही, रक्तदाब नाही. वयही दोघींचं सारखंच," डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या. "पण थुंकीत सापडतं ते ताणाचं हार्मोन तुमच्यात झोपायच्या वेळीही खाली येत नाही. तरुणपणी शरीर ते निभावून नेतं. उतारवयात मात्र रोगाशी लढणाऱ्या पेशी त्याने मंदावतात. एका जखमेवरून छातीठोक सांगता येणार नाही. तरी विचारते, घरी काही त्रास?"

धाकटीला हसू आवरेना. हिला त्रास?

थोरली पिशवीचा बंद पिळत राहिली. मग ती बोलली, ते इतक्या खालच्या आवाजात की धाकटीला तो ओळखू आला नाही.

"ही माझ्याशी बोलत नाही. माझे मालक गेले त्या दिवसापासून. एकाच ओट्याशी उभ्या असतो आम्ही. मी बोलते, ओरडते, शिव्या घालते. वाटतं, आज तरी भांडेल. पण हूं नाही की चूं नाही. मी जिवंत आहे की मेलेय, माझं मलाच कळेनासं होतं."

अबोला धरावा असं त्या दिवशी थोरली आपल्याला नेमकं काय बोलली होती, हे धाकटीला काही केल्या आठवेना.

"खरंय का हे?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

थोरलीही तिच्याकडे बघत होती, हात पसरल्यासारखी. एक शब्द पुरला असता. तो धाकटीच्या जिभेवर आलाही. तिने थोरलीच्या दंडाकडे पाहिलं. या घरात इतकी वर्षं घाव कोण घालत आलं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

ती डॉक्टरीणबाईंकडे वळली आणि गोड हसली.

"यांचा स्वभावच तापट हो," ती म्हणाली. "बाकी घरात कसला म्हणजे कसला त्रास नाही."